सज्ञान खातेदारांची यादी

आमच्या बँकेत दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक यादी छापली जाते. पुढच्या महिन्यात ज्या अज्ञान खातेदारांना अठरा वर्षे पूर्ण होणार असतात, त्यांची नावे, खाते क्रमांक आणि पालकांचे पत्ते त्या यादीत असतात. मग प्रत्येक पालकाला पत्र जाते, की आपला पाल्य सज्ञान होत असल्याने त्याचे नवे छायाचित्र, सहीचा नमुना आणि ओळखीची कागदपत्रे घेऊन त्याच्यासह शाखेत यावे. कराडच्या एका सहकारी बँकेत मी एकतीस वर्षे नोकरी करतो आहे आणि त्यांपैकी गेली सहा वर्षे ही पत्रे माझ्या सहीने जातात. एप्रिल २०२५ च्या अखेरीस जी यादी माझ्या टेबलावर आली, तिच्यात अकरा नावे होती आणि सातवे नाव माझ्या मुलाचे होते.

जन्मतारीख १९ मे २००७. तो २ फेब्रुवारी २०१७ ला गेला, तेव्हा त्याला दहावे वर्ष पूर्ण व्हायला साडेतीन महिने बाकी होते.

खातेदार मरण पावला की मृत्यूचा दाखला जोडून खाते बंद करायचे असते, हे मी आजवर शेकडो लोकांना काउंटरवर बसून समजावले आहे. स्वतःच्या घरातला दाखला मात्र मी आठ वर्षे कपाटात, त्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाखाली ठेवून दिला. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होते, म्हणून दर मे महिन्यात मी त्यात शंभर रुपये भरत आलो. हे नियमाला धरून नव्हते आणि माझ्या हाताखालच्या एखाद्या लिपिकाने असे केले असते, तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. दर १९ मे रोजी सकाळी त्या खात्याला जोडलेल्या माझ्या मोबाइलवर बँकेचा शुभेच्छांचा संदेश येतो. तो आता नाही, हे ठाऊक नसलेले एक तरी ठिकाण जगात उरले आहे, एवढ्याचसाठी मी तो संदेश बंद केला नाही.

त्याचे नाव येथे लिहीत नाही. ते घराबाहेर गेले की परक्याचे होते, असे त्याच्या आईचे म्हणणे आहे.

२०१४ च्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. ताप येत-जात होता, नाकातून दोनदा रक्त आले आणि नडगीवर मोहरीएवढे लाल ठिपके उठले. डास चावले असतील असे आम्ही समजलो. कराडच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तेव्हा प्लेटलेट चौदा हजार निघाल्या. निरोगी माणसाच्या रक्तात त्या दीड लाखाच्या वर असतात. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने आम्ही मुंबईला निघालो आणि त्या आठवड्यात परळच्या टाटा रुग्णालयात निदान झाले: अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ज्याला तिथले पालक दुसऱ्याच दिवसापासून एएलएल म्हणू लागतात. लहान मुलांमध्ये हा कर्करोग बहुतेकदा बरा होतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. आमच्याबरोबर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलेल्या मुलांपैकी एक मुलगी आता महाविद्यालयात शिकते आहे. तिचे वडील दिवाळीला फोन करतात. त्यांना तो करताना किती अवघड जात असेल, हे मला कळते, म्हणून मी पहिल्या घंटेलाच उचलतो.

उपचार अडीच-तीन वर्षांचे असतात. पाठीच्या मणक्यातले इंजेक्शन, स्टेरॉइडने सुजलेला चेहरा, गळलेले केस यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते पिशव्यांविषयी. केमो दिली की काउंट पडतात, म्हणजे रक्तातल्या सगळ्याच पेशी कमी होतात, आणि मग कधी लाल पेशींची तर कधी प्लेटलेटची पिशवी चढवावी लागते. आमच्या मुलाने या पिशव्यांचे नामकरण केले होते. लाल पिशवी म्हणजे कोकम आणि पिवळी पिशवी म्हणजे आमरस. नर्स आली की तो विचारी, "आज काय, कोकम की आमरस?" प्लेटलेटची पिशवी खरोखरच तशी दिसते, दूध जास्त झालेल्या रसासारखी फिकट पिवळी आणि किंचित गढूळ. त्याची आई एका चाळीसपानी वहीत तारीख, काउंट आणि पिशवी यांची नोंद ठेवीत असे. त्या वहीप्रमाणे पावणेतीन वर्षांत त्याला एकतीस कोकम आणि सेहेचाळीस आमरस मिळाले.

त्यांतले एकही माझे नव्हते. त्याचा आणि माझा रक्तगट एकच, बी पॉझिटिव्ह. पहिल्याच आठवड्यात मी बाही वर करून रक्तपेढीत जाऊन उभा राहिलो आणि तिथल्या डॉक्टर बाईंनी मला शांतपणे परत पाठवले. सख्ख्या नात्यातले रक्त शक्यतो देत नाहीत, असे त्यांनी समजावले. दात्याच्या काही पांढऱ्या पेशी पिशवीतून जातातच. परक्याच्या असल्या तर रुग्णाचे शरीर त्या ओळखून मारून टाकते. बापाच्या असल्या तर त्या इतक्या सारख्या असतात, की शरीर त्यांना बाहेरचे समजत नाही, त्या तिथेच राहतात आणि त्या शरीरावर उलटू शकतात. त्यासाठी पिशवीवर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते आणि बाहेरचा दाता मिळत असताना तो धोका कोणी पत्करीत नाही. "तुम्ही जवळचे आहात, तीच अडचण आहे," हे त्यांचे वाक्य. पुढे कराडहून माझ्या मेव्हण्याच्या ओळखीची पोरे जीप करून येत, रांगेत बसत आणि रक्त देऊन वडापाव खाऊन परत जात. त्यांतल्या काहींची नावेसुद्धा मला कळली नाहीत. मी त्यांच्यासाठी चहा आणीत असे.

सप्टेंबर २०१६ मध्ये आजार उलटला. त्यानंतरचे पाच महिने मी येथे ओलांडून जातो.

तो गेल्यानंतरचा पहिला वाढदिवस १९ मे २०१७, शुक्रवार. घरात कोणी त्याविषयी बोलले नाही. आमच्याकडे वाढदिवसाला सकाळी औक्षण आणि दुपारी आमरस-पुरी असे, मे महिना असल्याने दुसरे काही सुचण्याची गरजच नसे. त्या दिवशी आंब्याची पेटी माळ्यावर होती आणि पिकलेल्या आंब्यांचा वास जिन्यापर्यंत येत होता, पण ती कोणी उघडली नाही. मी कामावर गेलो, दोन वेळा रोकड चुकलो, संध्याकाळी घरी येऊन पंख्याखाली बसलो. दिवस संपता संपेना. दशक्रियेच्या दिवशी काय करायचे ते गुरुजी सांगतात. वर्षश्राद्धाला पाट, पान, वाढप सारे ठरलेले असते, आणि लहान मुलाच्या बाबतीत त्यातलेही पुष्कळसे वगळतात. पण मेलेल्या मुलाच्या वाढदिवसाला माणसाने उठून काय करावे, याचा विधी कोणत्याच पोथीत नाही. त्या रात्री पत्नीने एवढेच म्हटले, "अहो, पुढच्या वर्षी या दिवशी तुम्ही घरात बसू नका. मला दोघांचे सांभाळता येत नाही."

२०१८ च्या मे महिन्यात म्हणून मी परळला गेलो. मे महिन्यात महाविद्यालयांना सुट्ट्या असतात, शिबिरे होत नाहीत, नेहमीचे दाते गावी जातात आणि रक्ताचा तुटवडा पडतो, हे आम्ही त्या वर्षांत स्वतः पाहिले होते. त्याच्या आठव्या वाढदिवशी, २०१५ मध्ये, आमरसासाठी संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागली होती. तेव्हा त्या दिवशी जाण्यासारखे ठिकाण तेच होते, यात फार विचार नव्हता. मी जिथे जातो त्या केंद्राचे नाव सांगण्याचे कारण नाही. आता कायद्याच्या भाषेत त्याला रक्तकेंद्र म्हणतात. पेढीवर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला रक्तपेढी हाच शब्द जवळचा वाटतो.

नुसते रक्त देणे दहा मिनिटांत होते. प्लेटलेट देणे हे वेगळे काम आहे आणि ज्यांनी ते पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी नीट सांगतो. आधी फॉर्म, मग वजन, रक्तदाब आणि बोटाला टोचून हिमोग्लोबिन. वजन पन्नास किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर हवे. तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही, कारण ती प्लेटलेटला निकामी करते. दंडाला पट्टा आवळून शीर पाहतात. सुई जाडसर असते आणि तासाहून अधिक काळ हातात राहायची असते, त्यामुळे बारीक शिरेच्या माणसाला हात जोडून परत पाठवतात. मग एक नळी रक्त काढून प्लेटलेटचा काउंट आणि एचआयव्ही, कावीळ वगैरेंच्या तपासण्या होतात. तिथे तास-दीड तास नुसते बसायचे. पोट भरलेले हवे, म्हणून मी दादरला उतरल्यावर इडली खाऊन जातो.

खुर्ची आरामखुर्चीसारखी मागे झुकणारी असते आणि शेजारी कपाटाएवढे यंत्र. त्यात एकदाच वापरायचा नळ्यांचा संच बसवतात. हातातून रक्त यंत्रात जाते, तिथे ते गरगर फिरून वेगवेगळ्या थरांत विभागले जाते, प्लेटलेट आणि थोडा पिवळा द्रव वर टांगलेल्या पिशवीत जमतो आणि बाकीचे सारे त्याच सुईतून परत हातात येते. घेण्याची पाळी असली की दिवा लागतो आणि हातातला चेंडू दाबायचा. परत देण्याची पाळी आली की दिवा विझतो आणि मूठ सैल सोडायची. परत येणारे रक्त गार लागते. दंडातून वर चढणारा तो गारवा पहिल्या वेळी मला घाबरवून गेला. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेल्या औषधाने शरीरातले कॅल्शियम थोडे ओढले जाते आणि ओठांना मुंग्या येतात. तसे सांगितले की चघळायला कॅल्शियमची गोळी देतात. माझ्या मुलालाही कधी कधी पिशवी चढताना ओठ चाळवताना मी पाहिले होते. तेव्हा मला वाटे, तो गाणे म्हणतो आहे. त्याला नेमके काय होत होते, हे मला आता कळण्याचा मार्ग नाही.

तो सव्वा-दीड तास मला का लागतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ओळखीचे लोक म्हणतात, तुम्ही ऋण फेडता आहात. बँकेच्या माणसाला हिशेब चांगला कळतो: सेहेचाळीस घेतल्या आणि आजवर सहा दिल्या, हे फेडणे नव्हे, व्याजही नव्हे. खरे कारण साधे आहे. त्या खुर्चीत हात हलवता येत नाही, उठता येत नाही, फोन एका हाताने धरून कंटाळा येतो, आणि त्याच्याविषयी विचार करायला मला सुरुवात आणि शेवट असलेला वेळ मिळतो. यंत्राच्या पडद्यावर मिनिटे उलटी मोजली जातात. शून्य झाले की सुई निघते, मग चहा-बिस्किटे, आणि ताई म्हणतात, "काका, पंधरा मिनिटे उठू नका." घरी असा कोणी नसतो जो सांगेल, आता झाले, उठा.

दरवर्षी सारे सुरळीत झाले असे नाही. २०२० मध्ये टाळेबंदी होती, तेव्हा कराडमध्येच नुसते रक्त दिले. २०२१ मध्ये लशीचा दुसरा डोस घेऊन आठच दिवस झाले होते आणि चौदा दिवसांचा नियम होता, त्यामुळे पास काढून केलेला प्रवास फुकट गेला; तो दिवस मी परळच्या फुटपाथवर काढला. २०२३ मध्ये अर्ध्यावर शीर फुगली, दंड काळानिळा झाला आणि त्या यंत्रातला संच टाकून द्यावा लागला. सांभाळणारा मुलगा नवा होता, घाबरून तो माझीच क्षमा मागत राहिला. दुसऱ्या हातातून त्यांनी उरलेले पूर्ण केले. त्या निळ्या डागाकडे पाहून पत्नी म्हणाली, त्याचा हात सदाच असा असे.

यंदा यादीत नाव आल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. अठरा हे जसे बँकेत सज्ञान होण्याचे वय आहे, तसेच ते रक्त देण्याचेही किमान वय आहे. तो असता तर यंदा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला असता, बापलेक एकदम गेलो असतो, त्याने यंत्राला काहीतरी नाव ठेवले असते. हे चित्र मी तीन आठवडे जवळ बाळगले. मुलीला पुण्याला फोन करून तेही सांगितले. ती म्हणाली, "बाबा, या वर्षी मी येते."

१९ मेला सोमवार होता आणि यंदा मे महिन्यातच आभाळ भरून येत होते. मुलगी पुण्याहून थेट आली. दोघांनी शेजारी बसून फॉर्म भरले. हा फॉर्म मी अनेकदा भरला आहे आणि त्यावरचे प्रश्न न वाचता 'नाही'वर खुणा करीत जाण्याची मला सवय झाली आहे. मुलगी पहिल्यांदाच भरत होती, म्हणून ती हळू आवाजात वाचत होती. हृदयविकार, फिट्स, कावीळ. मग ती थांबली. आपल्याला कधी कर्करोग झाला आहे का, असा तो प्रश्न होता. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिने विचारले, "बाबा, म्हणजे तो बरा झाला असता तरी त्याला घेतलेच नसते ना?"

घेतले नसते. कर्करोग होऊन गेलेल्याला कायमचे नाकारतात. त्यात वयाचा प्रश्नच येत नाही. मला हे ठाऊक असायला हवे होते. कदाचित ठाऊक होतेही. अठरा वर्षांचा, डोक्यावर दाट केस असलेला, बरा झालेला माझा मुलगा त्या दालनात माझ्यासाठी चहा आणीत उभा राहिला असता, जसा मी त्या जीपमधल्या पोरांसाठी आणीत होतो. एवढे कळल्यावर मी 'नाही'वर खूण केली आणि फॉर्म दिला. मुलीचे हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक सहा निघाले, त्यामुळे तिलाही नाकारले. ती स्वतःवरच चिडली. ताईंनी तिला लोहाच्या गोळ्या, खजूर, गूळ-शेंगदाणे अशी नेहमीची यादी सांगितली आणि तीन महिन्यांनी यायला सांगितले. मग मी आत असेपर्यंत ती माझ्या उजव्या हाताच्या बाजूला स्टुलावर बसून राहिली. दिवा लागला की ती "दाबा" म्हणे, विझला की "सोडा" म्हणे. आम्ही दुसरे काही बोललो नाही.

सुई निघाल्यावर मी ताईंना विचारले, की पिशवी कुठे जाते ते पाहता येईल का. इतक्या वर्षांत मी कधी विचारले नव्हते. त्यांनी काचेच्या दाराचे एक कपाट दाखवले. प्लेटलेट थंडीत ठेवत नाहीत, बावीस अंशांच्या आसपास ठेवतात, पाचच दिवस टिकतात आणि त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून सतत हलत्या ठेवाव्या लागतात. त्या कपाटात जाळीचे खण होते आणि ते सारे खण डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे संथ सरकत होते. बाळ झोपल्यावरही आपण पायाने पाळणा हलवीत राहतो, तसे. माझी पिशवी त्यांनी वरून दुसऱ्या खणात ठेवली. शेजारी आणखी तीनच होत्या. मुलगी म्हणाली, "आमरस."

प्लेटलेट देण्याची कमाल मर्यादा साठ वर्षांची आहे. मी सत्तावन्नचा आहे.

मंगळवारी कोयना एक्सप्रेसने मी कराडला परतलो. बुधवारी बँकेत गेल्यावर कपाटातून आणलेला दाखला काढला, खाते बंद करण्याचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला आणि तपासणीसाठी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला, कारण स्वतःच्या खात्यावर स्वतः सही करता येत नाही. त्याने अर्ज वाचला, दाखल्यावरची तारीख वाचली, चष्मा काढून पुसला आणि काही न विचारता सही केली. शिल्लक दोन हजार एकशे सेहेचाळीस रुपये होती. यादीतले सातवे नाव मी लाल शाईने कापले आणि उरलेल्या दहा जणांची पत्रे त्याच दुपारी टपालात गेली. त्यांतला एक मुलगा शुक्रवारी आईबरोबर आला होता, मिसरूड फुटलेला, सही करायला लाजणारा. तीन कागद वाया घालवले त्याने.

बंद झालेल्या खात्याच्या पासबुकावर 'खाते बंद' असा शिक्का मारण्याची आमच्याकडे पद्धत आहे आणि तो पहिल्या पानावर मारतात. पत्नीने पासबुक परत आणायला सांगितले होते. पहिल्या पानावर त्याचा आजाराच्या आधीचा, शाळेच्या गणवेशातला फोटो आहे. शिक्का मी शेवटच्या पानावर मारला.